डोळा शेवटी द्यायचा

आमच्या शाळेच्या भिंतींवर मुलांनी रंगवलेल्या एकाही माणसाला डोळे नव्हते. पाणी भरणाऱ्या बायका होत्या, नांगर धरलेला शेतकरी होता, रांगेत प्रार्थना म्हणणारी पोरं होती. नाक होतं, ओठ होते, बायकांच्या कपाळावर कुंकू होतं, आणि जिथे डोळे हवेत तिथे नुसती कोरी कातडी. मी नवीन रुजू झाले तेव्हा वाटलं, काम अर्धवट राहिलंय. शिपायाला विचारलं, "हे पूर्ण कधी करणार?"

"पुरंच हाय ते, बाई," तो म्हणाला. "आमचं सर डोलं देत नाय कुनाला."

हे सर म्हणजे आमचे चित्रकलेचे शिक्षक. मूळचे हमरापूरचे, घरचा गणपतीचा कारखाना. तिथे साच्यातून मूर्ती काढणारे पुष्कळ असतात, पीतांबर नि दागिने घरातल्या बायकाही रंगवतात, पण डोळ्यांची आखणी एखाद्याच हाताला जमते. सरांच्या घरात तो हात सरांचा. गणपतीच्या आधीचे दोनेक महिने ते शाळेत येत ते बोटांना पांढरा रंग, डोळे तांबारलेले आणि स्वभाव नेहमीपेक्षा तिरका. त्यांच्या मते जगात वस्तू दोनच प्रकारच्या, डोळे दिलेल्या आणि न दिलेल्या. न दिलेल्या वस्तूचं काहीही करा, उलटी ठेवा, मोडा, पोत्यात भरा. "म्हणून डोळा शेवटी द्यायचा," ते म्हणत. "एकदा दिला की ती वस्तू आपल्याला बघायला लागते. मग तिचं सगळं नीट करावं लागतं."

मला हसू यायचं. मी गणित शिकवते. माझ्या विषयात कोणी कोणाकडे बघत नाही.

पेणहून आम्ही एकाच एसटीने रोह्याला जायचो आणि तिथून सहा आसनी रिक्षाने शाळेच्या गावी. गाडीत धाटावच्या कारखान्यांतली शिफ्ट गाठणारी माणसं झोपा काढत, आणि सर त्यांच्या मिटलेल्या पापण्यांकडे टक लावून बसत. जागा माणूस समोर आला की मात्र नजर त्याच्या कपाळावर. माझ्याशीही ते वर्षानुवर्षं माझ्या भांगाकडे बघून बोलले. एकदा मी वैतागून म्हटलं, "सर, माझ्या डोक्यात उवा झाल्यात का?"

"नाही हो, बाई." ते ओशाळले. "डोळ्यांत बघितलं की डोळे लक्षात राहतात. मग हात शिवशिवतो. घरी जाऊन एखाद्या मूर्तीला तुमचेच डोळे द्यायचो, आणि कोणीतरी तो गणपती उरणला घेऊन जायचा."

त्यानंतर बरेच दिवस मला उरणमधलं एक न पाहिलेलं घर उगाच आठवत राहिलं.

त्यांचा वर्ग माझ्या वर्गाला लागून होता. बारीक रेघ ओढताना आखणीवाला श्वास धरतो, कारण छाती हलली की हात हलतो. हे त्यांनी मुलांना पहिल्याच दिवशी शिकवलेलं. मग काय, भिंतीपलीकडचा आवाज एकदम बंद व्हायचा. पोरं पळाली की काय म्हणून मी डोकवायला निघणार, तोच पलीकडे सगळ्यांनी मिळून सोडलेला श्वास ऐकू यायचा. एखादं मोठं जनावर भिंतीला पाठ लावून झोपलंय असं वाटे. माझी मुलं हातचा विसरत, मीही विसरायचे.

शाळेत त्यांनी डोळे काढले ते एकदाच, शिपायाच्या हट्टापायी. त्याची आई वारली आणि घरात तिचा एक फोटो नव्हता. म्हातारी शाळेच्या फाटकाशी बोरं विकायची, सरांनी तिला पुष्कळ पाहिलेलं. आधी नाही नाही म्हणाले, मग काढून दिलं. शिपाई चित्रापुढे रडला. महिन्याभराने त्याची बायको शाळेत आली, सरांसमोर उभी राहिली.

"चित्र लय चांगला हाय, सर. पन मी भाकरी थापते तवा ती बघते, मी वाढते तवा बघते. सासूबाय जित्या व्हत्या तवा येवढ्या बघत नव्हत्या."

आम्ही सगळे हसलो. सर हसले नाहीत. "तिच्यापुढे रोज दिवा लावा आणि जेवायला बसायच्या आधी एक घास ठेवा," ते म्हणाले. बाई पुन्हा आली नाही.

मग एका वर्षी दिवाळीच्या सुट्टीनंतर कुठल्याशा कंपनीने तालुक्यातल्या शाळांची चित्रकला स्पर्धा ठेवली. विषय, पर्जन्यवनांची तोड आणि तिचे परिणाम. नववीच्या मुलांनी मोबाइलवर बघून भराभरा चित्रं काढली. निळे-लाल पोपट, हातभर चोचीचे पक्षी, फांदीला उलटं लटकलेलं कसलंसं केसाळ जनावर आणि कोपऱ्यात रडणारी पृथ्वी. सर बाकांमधून फिरत होते.

"हा पक्षी कुठं बघितलास?"

"मोबाइलमधी, सर."

"त्यानं तुला बघितलं?"

पोरगं कागदावरच्या पक्ष्याकडे बघू लागलं.

"मग ज्यानं तुला बघितलंय त्याचं घर काढ की."

त्यांनी सगळे कागद गोळा केले आणि वर्ग उठवून शाळेमागच्या उतारावर नेला.

त्या उताराला गावात नुसतं 'रान' म्हणत. ऐन, किंजळ, हेद, बेहडे, वर बांबूची बेटं. पावसाळ्यात भरदुपारी आत शिरलं तरी बॅटरी लागावी इतकं दाट. रानाच्या पोटात एक झरा होता, आणि डोंगरालगतच्या आदिवासी वाडीचं पाणी काय ते तेवढंच. जमीन मात्र गावातल्या नानांची. नाना माजी सरपंच, बोलायला साखरेसारखे. त्यांनी तो उतार फार्महाउसचे प्लॉट पाडणाऱ्याला द्यायचं ठरवलं होतं, आणि द्यायच्या आधी तो मोकळा करायचा होता. मुलं वर पोचली तेव्हा ठेकेदाराच्या माणसांनी झाडांवर छातीच्या उंचीला लाल पट्टे ओढून ठेवले होते. रान गेलं की झरा जाणार, हे समजायला भूगोलाचे शिक्षक लागत नव्हते.

"आता काढा," सर म्हणाले. "एकेकानं एकेक झाड. पानं काढत बसू नका, उभं कसं आहे ते बघा."

मुलं रोज जाऊ लागली. त्यात वाडीवरची मंगली होती. माझ्या विषयात काठावर पास होणारी, शब्द जपून वापरणारी मुलगी. तिने झऱ्यावरचा मोठा किंजळ धरला होता. चित्र सरांच्या हातात देताना ती म्हणाली, "सर, याला डोलं नाय, म्हून तोडतात काय?"

त्या दिवशी एसटीत सर माझ्या भांगाशीही बोलले नाहीत. नागोठणं मागे पडल्यावर म्हणाले, "बाई, पोरांना आखणी शिकवावी म्हणतो."

आणि शिकवली. साल थोडी तासायची, पांढऱ्याचा हात द्यायचा, तो वाळला की श्वास धरून काळी रेघ. गणपतीचे डोळे द्यायचे नाहीत असं त्यांनी बजावलं होतं. "ओळखीच्या माणसाचे द्या. ज्याच्यापुढं तुम्हाला खोटं बोलता येत नाही, त्याचे." मुलांनी आजोबांचे दिले, वारलेल्या आत्याचे दिले, बापाचे दिले. नानांचा नातू त्याच वर्गात होता. त्याने उताराच्या तोंडच्या बेहड्याला खुद्द नानांचे डोळे दिले.

मी शनिवारी शाळा सुटल्यावर बघायला गेले आणि पहिल्याच वळणावर माझे पाय थांबले. गणपतीची नजर समोर बसलेल्या माणसावर यावी म्हणून ती किंचित खाली ठेवतात. मुलांच्या हाताला तेच वळण लागलेलं. उताराच्या खाली गाव होतं, आणि ती सगळी झाडं गावाकडे बघत होती. वारा नव्हता, एक पान हलत नव्हतं. एका हेदावर आमच्या मुख्याध्यापकांचे डोळे होते, इतके हुबेहूब की मी नकळत पदर सारखा केला. मंगलीच्या किंजळावरचे डोळे मात्र कोणाचे ते कळेना. माणसाचे वाटत नव्हते, जनावराचेही नाहीत.

"कुणाचे गं?" मी विचारलं.

"झाडाचंच हायती, बाई."

मी तिथून लवकर निघाले. खोटं कशाला बोलू, पाठ दाखवायला भीती वाटली म्हणून काही अंतर उलटी चालले.

पुढच्या आठवड्यात तोडणारे आले. त्यातला एक करवतीचं मशीन खांद्यावर घेऊन वर गेला आणि तसाच खाली आला. "त्या ऐनावर माज्या बापासचं डोलं हायत," तो ठेकेदाराला म्हणाला. "मी नाय मशीन लावनार." ठेकेदाराने बाहेरगावची टोळी आणली. ती माणसं आधी खूप हसली. दुपारपर्यंत त्यांनी नुसती झुडपं साफ केली आणि भाकरी खाऊन जी गेली ती फिरकली नाहीत. कापताना कोणीतरी समोर उभं राहून बघतंय असं वाटतं, म्हणे. सरांच्या खुळाला मी पहिल्यांदा मनातून हात जोडले.

स्पर्धेत आमच्या शाळेला उत्तेजनार्थसुद्धा मिळालं नाही. विषयाशी संबंध स्पष्ट होत नाही, असा शेरा आला. पहिला नंबर एका पोपटाला गेला.

पण डोळे दिले ते रान राखण्यापुरते, हे डोळ्यांना कोणी सांगितलं होतं? ते बघत राहिले. गावात भांडण निघालं की माणसं एकदम उताराकडे बघत आणि आवाज खाली आणत. पहिले काही दिवस सगळ्यांना त्याची गंमत वाटली. मग उताराच्या बाजूच्या खिडक्या बंद होऊ लागल्या. बायका सरपणाला लांबच्या डोंगरावर जायला लागल्या. एक म्हातारा रोज सकाळी आपल्या वारलेल्या भावाच्या डोळ्यांपुढे जाऊन उभा राही आणि हात जोडून काहीतरी समजावून सांगे. घरी येऊन जेवत नसे. नानांच्या ओटीवर बसलं की समोर बेहडा, आणि बेहड्यावर नाना. त्यांनी खुर्ची फिरवून घेतली, तर म्हणे मानेला गरम लागायचं. हळूहळू कुजबुज सुरू झाली की हे बरं नाही, मेलेल्या माणसांना असं उन्हात उभं करून ठेवलंय.

नानांनी ती कुजबुज पिकू दिली. माघी गणपतीच्या तोंडावर त्यांनी देवळासमोर गाव जमवलं आणि सरांना बोलावलं. मीही गेले. वाडीवरची माणसं मागे उभी होती. देवळाच्या पायरीवरून अख्खं रान दिसत होतं, म्हणजे रानाला आम्ही दिसत होतो.

नाना रागावले नाहीत, काही नाही. "सर, तुम्ही हमरापूरचं," ते म्हणाले. "आमच्या घरात गनपती येतो तो तुमच्याच तिकडचा. येकच सांगा. डोलं उघडलेली मूर्ती घरात किती दिस ठेवतात?"

त्यांची चाल माझ्या लगेच लक्षात आली. मी सरांच्या कानाशी लागले, "कितीही म्हणा. कायमची म्हणा. काहीही म्हणा." मागे वाडीच्या बायका पायरीकडे सरकल्या होत्या. त्यांचं पाणी त्या एका उत्तरावर आलं होतं आणि ते त्यांना कळत होतं.

सरांनी पायरीच्या दगडावरून नजर उचलून रानाकडे पाहिलं. "दीड दिवस, पाच दिवस," ते म्हणाले. "ज्याची जशी रीत. पण कायमची नाही ठेवत. निरोप द्यावाच लागतो."

"मंग देऊ की," नाना म्हणाले. "वाजतगाजत देऊ."

रस्त्यात मी त्यांना नाही नाही ते बोलले. "एक शब्द खोटा बोलला असतात तर जीभ झडली असती?"

"ते समोर होते, बाई," सर म्हणाले. "त्यांच्यापुढं कसं बोलू?"

माघी गणपतीचं विसर्जन झालं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी झाडांची उत्तरपूजा मांडली. घरच्या गणपतीला निरोप देताना अक्षता टाकून मूर्ती जागची जराशी हलवतात. ती हलली की देव गेला, उरली ती माती, मग उचलून पाण्यात न्यायची. खरं तर कोणी जोर लावत नाही. पोरं पाटाला हात लावतात आणि "हलली, हलली" म्हणतात. इथे ठरलं असं की ज्याने डोळे दिले त्यानेच हात लावायचा. मुलांना न्हाऊमाखू घालून आणलेलं. बेंजो होता, पेढे होते, आणि प्रत्येक झाडामागे एक मशीनवाला.

पहिला बेहडा. नानांच्या नातवाने हात टेकवला. गुरवाने मंत्र म्हटला, अक्षता टाकल्या आणि विचारलं, "हलली?"

"हलली," पोरगं म्हणालं.

मशीन सुरू झालं. बेहडा पडताना नानांचे डोळे गावावरून उठले, आभाळाकडे वळले आणि पाल्यात गेले. कोणीतरी सवयीने ओरडलं, "पुढच्या वर्षी लवकर या!" आणि ओरडणाऱ्याचाच चेहरा उतरला. पण एकदा सुरू झालेलं थांबतं थोडंच. ऐन गेला, हेद गेला, आणखी ऐन गेले. दर वेळी हात, अक्षता, "हलली?", "हलली", आणि तीच आरोळी. मी आयुष्यात पुष्कळ विसर्जनं पाहिली आहेत, रडलेही आहे, पण भीती वाटली ती त्या सकाळी. कोणी रागात नव्हतं. सगळे पेढा खाल्लेल्या तोंडाने प्रेमाने निरोप देत होते. सर एका बाजूला उभे होते आणि प्रत्येक हात झाडाला लागला की श्वास धरत होते.

शेवटी झऱ्यावरचा किंजळ. मंगली पुढे आली. तिच्या घरात गणपती बसत नसे, त्यामुळे हा प्रकार तिने कधी पाहिला नव्हता. हलवायचं म्हणजे हलवायचं, एवढंच तिला कळलं. तिने दोन्ही तळवे सालीवर टेकवले, पाय मातीत रोवले आणि ढकलायला लागली.

"हलली?" गुरवाने विचारलं.

"नाय."

लोक हसले. "अगो, नुसता हात लाव," नाना म्हणाले.

"लावला. नाय हलत." तिने आता खांदा लावला. मानेच्या शिरा तटतटल्या, पायाखालची माती घसरली, ती गुडघ्यावर आली, उठली आणि पुन्हा भिडली. कोणी हसेना. ती धापा टाकत वळली. "नाय हलत त्यो. त्याला नाय जायाचा."

बेंजो बंद पडला. गुरवाने नानांकडे बघितलं, नानांनी सरांकडे. देवळासमोर त्यांनीच सरांना जाणकार ठरवलं होतं, आता दुसऱ्या कोणाला विचारणार?

सर म्हणाले, "मूर्ती हलली नाही तर निरोप होत नाही. आमच्याकडं अशी मूर्ती तशीच ठेवतात. तिला कोणी हात लावत नाही."

गुरवाने लगेच मान डोलावली. त्याला माहीत नव्हतं आणि ते दाखवायचं नव्हतं. नानांनी किंजळाकडे पाहिलं आणि मशीनवाल्याला हातानेच मागे सरकवलं. माणसं पांगली.

परतीच्या गाडीत मी विचारलं, "सर, हमरापुरात खरंच असा नियम आहे?"

"नाही."

मला इतका आनंद झाला की मी त्यांच्या हातावर टाळीच दिली. ते मात्र आजारी माणसासारखे बसले होते. "सोमवारी वर्गात सांगून टाकीन," ते म्हणाले. "पोरांना खोटं शिकवून ठेवता येत नाही."

मी विनवण्या केल्या. मुलं म्हणजे गळकी भांडी, संध्याकाळपर्यंत गावभर होईल, आणि मंगळवारी किंजळ आडवा. ऐकतील तर ते सर कसले! सोमवारी मी माझा वर्ग सोडून त्यांच्या दाराशी जाऊन उभी राहिले.

"परवा मी एक नियम सांगितला," त्यांनी सुरुवात केली, तोच नानांचा नातू उभा राहिला.

"सर, माजा पन नव्हता हलला. समदी म्हनतात म्हून मी हलली म्हटला."

मग त्याच्या मागची मुलगी उभी राहिली. "माझा पन." मग एकेक करत सगळा वर्ग उभा राहिला. मंगली तेवढी बसून होती, बाकाकडे बघत. सरांनी प्रत्येकाचं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तो नियम खरा नाही. मी तिथंच बनवला."

बाकीची मुलं एकेक करत खाली बसली. नानांचा नातू अजून उभाच होता. त्याने विचारलं, "मंग सर, माज्या टायमाला का नाय बनवलात?"

सर खुर्चीत बसले आणि मुलांदेखत रडले. मीही दारात उभी राहून रडले, मला त्याची लाज वाटत नाही.

आता सर निवृत्त होऊन हमरापुरात असतात. मी अजून त्याच शाळेत आहे. उतारावर प्लॉटचे दगड रोवलेत, मध्ये गवत वाढलंय. झरा बारीक झालाय पण आटलेला नाही, वाडीच्या बायका तिथेच हंडे भरतात. गावातलं कोणी किंजळाच्या सावलीलाही जात नाही. नानांच्या ओटीवरून तो सरळ दिसतो, आणि नातू रोज त्याच ओटीवर आजोबांना चहा आणून देतो. रोज सकाळी रिक्षातून उतरले की मी आधी तिकडे बघते. झाड उभं असतं. म्हणजे त्याने अजून घरी सांगितलेलं नाही.